मक्त्याची आगगाडी

मक्ता हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेलाच म्हणायचा. त्याच्या जागी कंत्राट आले, कंत्राटाच्या जागी टेंडर आले, आणि पुढल्या पिढीच्या तोंडी आणखी कोणता शब्द येईल ते देव जाणे. पण माझ्यासारख्या जुन्या माणसाला मक्ता म्हटल्याखेरीज त्या व्यवहारातली खरी गंमत कळत नाही. कोकणातल्या एखाद्या बागायतदाराला विचारा. आंब्याला मोहोर आला की व्यापारी बागेत येतो, मान वर करून झाडे न्याहाळतो, मनातल्या मनात पेट्यांचा हिशेब मांडतो आणि एक आकडा बोलतो. त्या वेळी झाडावर धड कैरीसुद्धा नसते. पुढे थंडी कमी पडेल, तुडतुडे येतील, मळभ धरेल, अवकाळी पाऊस झोडपून काढील, हे सगळे त्या एका आकड्यात धरायचे असते. झाडे मालकाचीच राहतात. व्यापारी विकत घेतो तो पुढल्या चार महिन्यांचा अंदाज!

इंग्लंडसारख्या व्यवहारी देशाने आपल्या उतारूंच्या आगगाड्या जवळजवळ पंचवीस वर्षे अशाच मोहोर पाहून मक्त्याने दिल्या होत्या, असे मी म्हटले तर कोणाला खरे वाटणार नाही. मलाही प्रथम वाटले नव्हते. पण माझी सारी नोकरी एका तालुक्याच्या गावी, एका कचेरीच्या लिलाव-शाखेत गेली. आठवड्याच्या बाजाराची वसुली, कोंडवाडा, नदीवरची तर, गवताची कुरणे, या सगळ्यांचे मक्ते माझ्या टेबलावरून गेले. त्यामुळे मक्ता दिसला की त्याच्या पाठीमागचा हिशेब शोधायची मला खोडच लागली आहे. निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रा करतात. मी दुसऱ्यांचे मक्ते वाचीत बसतो. सौभाग्यवतींच्या मते दोन्हींत पुण्य सारखेच, म्हणजे शून्य!

आमची मुलगी २००५ पासून न्यूकॅसलला असते. तिच्याकडे आम्ही उभयता आजवर पाच वेळा गेलो. लंडनला उतरायचे, किंग्ज क्रॉस स्टेशनावर गाडी पकडायची आणि यॉर्क, डरॅम करीत तीन तासांत न्यूकॅसल गाठायचे, हा ठरलेला रस्ता. २००६ साली गेलो तेव्हा गडद निळ्या गाडीवर जी. एन. ई. आर. अशी अक्षरे होती. २००८ साली तिथे नॅशनल एक्स्प्रेस आली होती. २०१३ साली नुसते ईस्ट कोस्ट. २०१६ साली लालभडक व्हर्जिन. आणि २०१९ साली एल. एन. ई. आर. पाच खेपा आणि पाच नावे! दुसऱ्याच खेपेला आमच्या मंडळींनी गादीवर हात फिरवून निर्णय दिला होता, "अहो, मालक बदललेले दिसतात, पण डबे तेच आहेत."

आणि ते अक्षरशः खरे होते. शेवटच्या खेपेला एका पिकल्या केसांच्या गार्डला मी सहज विचारले, तुम्ही या गाडीवर केव्हापासून? तो हसून म्हणाला, तीस वर्षे झाली. नोकरी एकदाही बदलली नाही, कोट मात्र किती बदलले ते बायकोला विचारावे लागेल.

मग हे मालक बदलतात म्हणजे नेमके काय बदलते? ते समजून घ्यायला थोडे मागे गेले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९३ साली रेल्वेचा कायदा झाला आणि ब्रिटिश रेल या सरकारी संस्थेचे तुकडे पाडण्यात आले. रूळ, पूल आणि सिग्नल एका कंपनीकडे गेले. इंजिने आणि डबे तीन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे गेले. आणि उतारूंच्या वाहतुकीचे पंचवीस भाग करून एकेक भाग ठराविक वर्षांच्या मक्त्याने द्यायचे ठरले. ४ फेब्रुवारी १९९६ रोजी अशा मक्त्यांतल्या पहिल्या गाड्या धावू लागल्या. म्हणजे मक्तेदाराचे रूळ नाहीत. ते वापरल्याबद्दल तो पैसे भरतो. त्याचे डबे नाहीत, ते भाड्याचे. गार्ड, ड्रायव्हर, तिकीटबाबू ही माणसेही मक्त्याबरोबर येतात आणि मक्त्याबरोबर पुढल्या मालकाकडे जातात. कोणती गाडी कोणत्या स्टेशनावर दिवसातून निदान किती वेळा थांबली पाहिजे, हे सरकार लिहून देते. पासासारख्या कित्येक भाड्यांवरही सरकारचाच लगाम. आता उरले काय? उरली तिकिटांची वसुली, आणि ती येत्या सात-दहा वर्षांत किती होईल याचा अंदाज. आमच्या बाजाराच्या मक्त्यात तरी दुसरे काय असायचे?

बोली लावायची रीत मात्र मोठी राजेशाही. आमच्याकडे चावडीपुढे घंटा वाजवून एकवार, दोनवार, तीनवार होत असे. तिकडे आधी कोणाला बोलू द्यायचे याचीच परीक्षा. कंपनीची ऐपत, अनुभव, सुरक्षिततेचे दप्तर हे सगळे तपासून तीन-चार नावे निवडायची. मग सरकार त्यांना भलामोठा मागणीग्रंथ पाठवते. कंपन्या महिनोन् महिने माणसे बसवून उत्तर तयार करतात. एकेका बोलीच्या तयारीलाच काही लाख, कधी कोटीभर पौंड लागतात. डबे किती, गाड्या किती, स्टेशने कशी सुधारू, उतारूंची वाढ दरसाल किती धरली, आणि सगळ्यांच्या शेवटी तो आकडा. तोट्याच्या मार्गावर तो आकडा "आम्हांला इतके अनुदान द्या" असा असतो. नफ्याच्या मार्गावर "आम्ही सरकारला इतके भरू" असा असतो. गाडी चांगली चालवण्याच्या वचनांना गुण असतात खरे, पण तराजूत पैशाचे पारडे बहुतेक वेळा जड पडे.

आता आमच्या मुलीच्या मार्गाचीच कथा पाहा. लंडन ते एडिंबरो हा सुमारे ६३० किलोमीटरचा रस्ता म्हणजे नफ्याचा रस्ता. सगळ्यांचा डोळा त्यावर. २००५ साली जी. एन. ई. आर. ने दहा वर्षांत सुमारे १३० कोटी पौंड भरण्याचे कबूल करून मक्ता पुन्हा मिळवला. वर्ष-दीड वर्षात तिची पालक कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीच्या दारी गेली, आणि मक्ता सुटला. २००७ साली पुन्हा बोली झाली. पहिला माणूस तोंडघशी पडलेला सगळ्यांनी पाहिलेला. कोणाला वाटेल, आता आकडे खाली येतील. पण नॅशनल एक्स्प्रेसने सव्वासात वर्षांत सुमारे १४० कोटी पौंड देऊ केले! दुसऱ्या वर्षी जगभर मंदी आली, मोठ्या पगाराचे उतारू पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आले, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारला स्वतःच गाडी हाती घ्यावी लागली. कंपनीचे अनामत वगैरे मिळून गेले सुमारे ७ कोटी पौंड. एकशे चाळीस कोटींचे वचन, आणि ते मोडल्याचा दंड सात कोटी! हा हिशेब वाचून मी चष्मा काढून पुसला होता.

पुढे सव्वापाच वर्षे सरकारी कंपनीने गाडी चालवली आणि सुमारे १०० कोटी पौंड खजिन्यात भरले. गाडी नीट चालली आहे म्हटल्यावर तिचा पुन्हा लिलाव झाला. मार्च २०१५ मध्ये स्टेजकोच आणि व्हर्जिन यांच्या भागीदारीने आठ वर्षांत ३३० कोटी पौंड देऊ करून ती घेतली. जून २०१८ मध्ये तीही गाडी सरकारकडे परत आली. उतारू अपेक्षेइतके वाढले नाहीत; रुळांची ठरलेली सुधारणा वेळेवर झाली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या खेळात तिचेही जवळजवळ २० कोटी पौंड बुडाले. एकाच झाडाचा मोहोर पाहून तीन व्यापारी फसले होते.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, बडे बडे लोक, त्यांचे बुडाले तर बुडाले. आपल्याला काय त्याचे? मलाही तसे म्हणता आले असते. पण हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्या कंपन्या येतच नाहीत. येतो तो आमच्या नदीवरचा एक म्हातारा नावाडी.

पूल व्हायच्या आधीची गोष्ट. त्या वेळी मी नोकरीत नवा होतो. नदीच्या तरीचा मक्ता दरसाल लिलावाने जाई आणि तीन वर्षे तो याच म्हाताऱ्याकडे होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पण नावेत एक मडके असे, आणि माणूस चढला की तो त्यात एक चिंचोका टाकी. रात्री बायको चिंचोके मोजी आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. जत्रेचे दिवस, पेरणीचे दिवस, पुराचे बंद दिवस, सगळे त्या भिंतीवर होते. लिलावाला येताना तो पक्का आकडा घेऊन येई. त्या वर्षी तो चार हजारांपर्यंत बोलला आणि थांबला. परगावच्या एका माणसाने सात हजार म्हटले. घंटा झाली. नियम होता की सर्वांत चढी बोली स्वीकारायची. साहेबांनी ती स्वीकारली, मी कागदावर उतरवली.

नव्या मक्तेदाराने दोन नावांची एक केली, संध्याकाळची खेप बंद केली, तरी त्याचा मेळ बसेना. बसणार कसा? उतारू चार हजारांचेच होते. श्रावणात नदी फुगली आणि तो अनामत सोडून निघून गेला. पलीकडच्या वाडीतली पोरे शाळेला मुकली, बाळंतिणींचे हाल झाले. शेवटी कचेरीने त्याच म्हाताऱ्याला रोजंदारीवर बोलावले. नाव त्याची, हात त्याचे, नदी त्याच्या ओळखीची. पण आता तो मक्तेदार नव्हता, मजूर होता. पहिल्या आठवड्याचा रोज घ्यायला आला तेव्हा माझ्या टेबलापाशी उभा राहून तो म्हणाला, "भाऊसाहेब, मला हिशेब येत होता म्हणून मी हरलो."

त्याच्या मुलाने पुढे वल्हे हातात धरले नाही. तो मुंबईला गिरणीत गेला.

म्हाताऱ्याचे ते वाक्य मी कित्येक वर्षे मनात घेऊन फिरलो. पुढे कळले की शहाण्या माणसांनी त्याला नावही दिलेले आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलाच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवून दिले की, दहा जण एकाच वस्तूचा अंदाज बांधतात तेव्हा कोणाचा कमी चुकतो, कोणाचा जास्त. आणि लिलाव जिंकतो तो बहुतेक वेळा वरच्या बाजूला सर्वांत जास्त चुकलेला माणूस. त्याला ते विजेत्याचा शाप म्हणतात. आमच्या नावाड्याला इंग्रजी येत नव्हते. पण शाप विजेत्यापाशी थांबत नाही, तो नीट मोजणाऱ्यालाही घेऊन बुडतो, एवढे त्याने त्या अभियंत्यांच्या पुढे जाऊन पाहिले होते.

बरे, बोली लावणाराच चुकतो आणि बोली घेणारा शहाणा असतो असेही नाही. लंडनहून वायव्येकडे ग्लासगोपर्यंत जाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या मार्गाची कथा याहून करमणुकीची आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये चार कंपन्यांतून फर्स्टग्रुपची निवड जाहीर झाली. तिने आजच्या मोलाने सुमारे ५५० कोटी पौंड देऊ केले होते. १९९७ पासून ती गाडी चालवणाऱ्या व्हर्जिनचा आकडा होता ४८० कोटी. व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन संतापले, हा आकडा वेडेपणाचा आहे म्हणाले आणि कोर्टात गेले. कोर्टात उत्तर द्यायला म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी आपलेच कागद पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना घाम फुटला. कंपनीकडून जोखमीपोटी किती रक्कम अडकवून घ्यायची, त्या गणितात महागाई धरलेले आकडे आणि न धरलेले आकडे एकमेकांत मिसळले होते! ३ ऑक्टोबरला सारी निवड रद्द झाली. चारही कंपन्यांचा बोलीचा खर्च परत द्यायचा म्हणजे सुमारे ४ कोटी पौंड. ते गेले करदात्यांच्या खिशातून. आणि व्हर्जिनच पुढे डिसेंबर २०१९ पर्यंत गाडी चालवीत राहिली. शाळेत आम्हांला एकक लिहिले नाही म्हणून गुरुजी अर्धा गुण कापीत, त्याचे महत्त्व मला त्या दिवशी पटले.

मात्र एकच बाजू सांगून मी तुमचा निरोप घेतला तर ते अन्यायाचे होईल. न्यूकॅसलला आमचे जावई या विषयावर माझ्याशी हिरिरीने वाद घालतात. "बाबा," ते म्हणतात, "मक्ते वाईटच असते तर गाड्यांत बसायला जागा का मिळत नाही?" त्यांचे म्हणणे डावलण्यासारखे नाही. १९९४-९५ साली ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ७३ कोटी प्रवास होत. २०१८-१९ पर्यंत ते १७० कोटींच्या वर गेले. याचे सगळे श्रेय मक्तेदारांना नाही. शहरे वाढली, नोकऱ्या वाढल्या, सरकारनेही रुळांवर पुष्कळ ओतले. पण गाड्या वाढवणे, लवकर काढलेले तिकीट स्वस्त देणे, उतारूला गिऱ्हाईक समजणे, यांत कंपन्यांचा हात होताच. आणि लंडनच्या वायव्येकडची चिल्टर्न रेल्वे तर जावयांचे ठेवणीतले अस्त्र. तिला २००२ साली वीस वर्षांचा मक्ता मिळाला. एकेरी उरलेल्या रस्त्यावर दुसरा रूळ पुन्हा टाकला गेला, आणि पुढे बिसेस्टरवरून ऑक्सफर्डला जाणारा नवा रस्ताही निघाला. यावर मी एवढेच म्हणतो की, वीस वर्षांच्या मक्त्याने माणूस कलम लावतो. सात वर्षांच्या मक्त्याने तो असलेल्या झाडाचा पार ओरबाडतो. मक्ता दिला की नाही यापेक्षा किती मुदतीने, कोणत्या जोखमीवर आणि कोणाच्या हिशेबावर दिला, यातच सगळे आले. एवढ्यावर आमचा तह होतो आणि मुलगी चहा आणते.

आपल्याकडे तर या विषयाची दुसरीच तऱ्हा झाली होती. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी नेणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही विलायती खाजगी कंपनीच. पण तिला बोली लावावी लागली नाही; भांडवलावर शेकडा ५ टक्के व्याजाची हमी तिला मिळाली होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायचे. ज्याला बुडण्याची भीतीच नाही, तो हात आखडता कशाला घेईल? १९२५ साली ती रेल्वे सरकारच्या कारभाराखाली आली, आणि आपली लाडकी बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली. अगदी अलीकडे, जुलै २०२० मध्ये, रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या पस्तीस वर्षांच्या कराराने चालवण्यासाठी कंपन्यांना बोलावले. प्रथम पुष्कळांनी उत्साह दाखवला. प्रत्यक्ष आकड्यांचे लिफाफे २०२१ च्या जुलैत उघडले तेव्हा बोली लावणारे निघाले दोनच, आणि त्यांतली एक रेल्वेचीच स्वतःची कंपनी! पुढे तो बेत बारगळला. परदेशातल्या तीन व्यापाऱ्यांची कथा आपल्या लोकांनी वाचली होती की काय, कोण जाणे.

ब्रिटनमध्येही तो खेळ आता आटोपला आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली, गाड्या रिकाम्या झाल्या आणि सगळ्यांचेच अंदाज एका आठवड्यात पालापाचोळा झाले. खर्चाची आणि उत्पन्नाची जोखीम सरकारने आपल्याकडे घेतली, आणि त्याच सप्टेंबरात मक्त्याची पद्धत संपल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा झाला की मुदती संपतील तसतशा गाड्या सरकारी कंपनीकडे घ्यायच्या. त्या कायद्याखाली २५ मे २०२५ रोजी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी वोकिंगहून लंडनकडे पहिली सरकारी गाडी सुटली. आणि रुळांचे काम चालू असल्यामुळे उतारूंना अर्ध्या वाटेत उतरून बसने जावे लागले! मालक कोणीही असो, रूळ हे दुरुस्त करावेच लागतात.

म्हणून सरकारी की खाजगी, या वादात मी आता फारसा पडत नाही. सरकारी गाडी चालवतानाही दरसाल कोणाला तरी अंदाज बांधावाच लागणार. अर्थमंत्र्याला आवडेल असा मोठा आकडा सांगायचा की खरा सांगायचा, हा मोह तिथेही आहेच. आणि आपल्या घरी तरी काय वेगळे असते? लग्नाचा स्वयंपाक, घराची डागडुजी, मुलाचा क्लास, सगळीकडे आपण गोड आकडा बोलणाऱ्याकडे वळतो, आणि खरे बोलणारा मान खाली घालून आपल्या अंगणातून निघून जातो.

लिफाफे उघडल्यावर सर्वांत मोठा आकडा कोणता, हे कोणीही वाचून दाखवील. त्याला कारकून कशाला हवा? त्या आकड्यापाठीमागे मडक्यात चिंचोके किती आहेत, एवढे विचारणारा एक तरी माणूस टेबलाशी बसलेला असावा, आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यायची मुभा नियमात असावी.